वैयक्तिक कारण

बनशंकरी
९ मार्च २०२५

गुरू,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते विसरून नव्हे.

परवा आपल्या मराठी मंडळाचे दोघे घरी आले होते. तुझा सत्कार ठरला आहे आणि मोठी बहीण म्हणून मी पहिल्या रांगेत बसावं, असं त्यांचं म्हणणं. कन्नड पेपरात तुझा फोटो आला होता, तो कापून आणला होता. चारशे वर्षांपूर्वी बेंगळूरुला आलेल्या घराण्यातला डॉक्टर, कॅन्सरच्या रोग्यांची उलटी आणि उदासी एकाच गोळीने कमी करणारा, वगैरे. मी त्यांना कॉफी दिली आणि येणार नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, वैयक्तिक.

हा शब्द तुझाच. शेजारच्या श्रीविद्याने तुझा शोधनिबंध काढून आणला. तिला मी सांगितलं, मला समजावू नकोस, मी वाचते. तीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आहे, इंग्रजी मला येतं. त्यात तू लिहिलं आहेस की हे औषध रोग्यांना चांगलं सोसलं आणि जे मधूनच सोडून गेले ते बहुतेक वैयक्तिक कारणांसाठी गेले.

त्या गेलेल्यांतला एक माझा नवरा.

फोनवर बोलले तर तू ‘अक्का, अक्का’ करून मला गप्प करशील, म्हणून लिहिते आहे. उत्तरही लिहूनच दे.

काय झालं ते तुला ठाऊक आहे असं मी आजवर धरून चालले होते. तुझा निबंध वाचून शंका आली, म्हणून पुन्हा सांगते. यांची केमो सुरू झाली होती. पोटात पाणी ठरत नव्हतं, बोलणं तुटलं होतं. आमच्याच घरी जेवताना तू यांना म्हणालास की मनाच्या आजारावर वापरतात ती एक गोळी आहे, तिने केमोची उलटीही थांबते असं दिसतंय, ट्रायलमध्ये या. अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळणार, अर्ध्यांना नुसती पिठाची. हे हसून म्हणाले, मेहुणा विचारतोय म्हटल्यावर मी कागद काय वाचायचा. आणि सही केली.

उलटी थांबली, ते मी नाकारत नाही. इडली खाल्ली त्या दिवशी मीच तुला फोन केला होता. पण मग पाय सुरू झाले. बँकेची नोकरी सांभाळून आयुष्यभर लीग क्रिकेटात अंपायर म्हणून उभा राहिलेला माणूस, अख्खा रविवार उन्हात एका जागी उभं राहणं हीच ज्यांची हौस, त्यांना दोन मिनिटं बसवेना. बसले की उठायचे, उठले की चालायचे. हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गच्ची. जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन चालायचे. मला म्हणाले, “वसू, हे पाय माझे नाहीत. कोणीतरी आतून ढकलतंय.”

मी तुला फोन केला तेव्हा तू विमानतळावर होतास. आजाराची भीती आहे, होतं असं, क्षमाला सांगून गोळी वाढवतो, म्हणालास. आणि वाढवलीस.

केमोला चार तास खुर्चीत बसावं लागतं. हे सलाईनच्या स्टँडसकट उठले. नर्सने दोनदा बसवलं, तिसऱ्यांदा यांनी स्वतःच सुई उपटली आणि रक्ताळलेल्या हाताने लिफ्टकडे चालू लागले. पुढच्या फेरीला गेलेच नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी गोळी स्वतःच बंद केली, तेव्हा कुठे पाय हळूहळू थांबले. तोवर रोग यकृतात उतरला होता. गेल्या वर्षी जानेवारीत हे गेले. तू आलास, खांदा दिलास, रडलासही.

आता मला एवढंच सांग. माझ्या नवऱ्याचं वैयक्तिक कारण कोणतं होतं?

वसुमती


हेब्बाळ
१५ मार्च २०२५

ती. अक्कास,
सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भावोजी गेल्यापासून तू एकटी पडली आहेस हे मला कळतं. सुप्रीता किती वेळा म्हणाली की अक्कांना काही दिवस इकडे घेऊन या, पण तू येत नाहीस. दुःख आत साठलं की ते कोणावर तरी निघतं. मी त्याच विषयाचा डॉक्टर आहे, म्हणून तुझा राग मनावर घेत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ट्रायलमध्ये रोगी मधूनच गेला की कारण नोंदवावं लागतं आणि त्याचे ठरलेले प्रकार असतात. औषधाचा त्रास, रोग वाढला, पत्ता बदलला, वैयक्तिक कारण. भावोजींनी गोळ्या आपणहून बंद केल्या आणि फोनवर क्षमाला सांगितलं की आता मला यात राहायचं नाही. क्षमा ही आमची को-ऑर्डिनेटर, फार काळजीने काम करणारी मुलगी. आपणहून गेलेला माणूस वैयक्तिकमध्येच जातो. त्यात त्यांचा अपमान नाही.

अस्वस्थपणाबद्दल म्हणशील तर कॅन्सर झालेल्या माणसाला तो असतोच. कोणी रडतं, कोणी भांडतं, कोणी येरझाऱ्या घालतं. तीनशेहून जास्त लोकांचा अभ्यास आहे हा, अक्का. एका माणसाचं काय झालं त्यावरून औषध जोखायचं नसतं, म्हणूनच तर ट्रायल करतात. तू विज्ञान शिकवलं आहेस, तुला वेगळं सांगायला नको.

आणि एक गोष्ट ऐक. ज्या बायका केमोनंतर आठवडाभर बादलीपाशी पडून असायच्या, त्या या गोळीने उठून भात खातात. हे मी डोळ्यांनी पाहतो. जुलैत याची मोठी ट्रायल सुरू होते आहे, सहा शहरांत, हजार रोगी. तिचं सगळं माझ्याकडे आहे. तुला अभिमान वाटायला हवा होता.

सत्काराला ये. तू नसलीस तर लोक विचारतील.

तुझा
गुरुराज


बनशंकरी
२१ मार्च २०२५

गुरू,

माझ्या दुःखावर इलाज करू नकोस. मी तुझी पेशंट नाही.

तू विज्ञानाची आठवण दिलीस ते बरं केलंस. तुझ्या निबंधातला दुसरा तक्ता उघड. खरी गोळी घेणाऱ्यांतले सव्वीस लोक वैयक्तिक कारणासाठी सोडून गेले. पिठाची गोळी घेणाऱ्यांतले सात. दोन्हीकडे माणसं जवळजवळ सारखी. मग मला सांग, खरी गोळी गिळणाऱ्यांच्याच घरी एवढ्या घरगुती अडचणी कशा उपटल्या? त्यांच्याच मुलींची लग्नं निघाली? त्यांचेच मालक त्यांना घर सोडा म्हणाले? बारावीच्या मुलीने असा तक्ता आणला असता तर मी तिला प्रयोग पुन्हा करायला लावला असता. तुला लोक शाल घालताहेत.

पाय थांबत नाहीत त्याला तुमच्या शास्त्रात नाव आहे. श्रीविद्याला ते इंटरनेटवर पाच मिनिटांत सापडलं, अकॅथिसिया. मनाच्या आजारावरच्या कितीतरी गोळ्यांनी होतो आणि डोस वाढवला की वाढतो. तू मनाचा डॉक्टर आहेस. वॉर्डात हे दर आठवड्याला पाहत असशील. परक्या माणसाचे पाय तुला दिसले असते. भावोजींच्या वेळी तू फोनवरच निदान केलंस.

आणि हो, “एका माणसाचं काय झालं” असं पुन्हा लिहू नकोस. एकच नाही. केमोच्या खोलीत आमच्या शेजारी इथल्याच शिवाजीनगरचे एक विठोजी असायचे, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. त्यांची बायको चंपा आणि मी डबा वाटून खायचो. तिचा नंबर माझ्याकडे होता. मी गेले तिच्याकडे. विठोजी जिवंत आहेत. दोन वर्षांत निम्मे झालेत, पण मशीनवर बसतात. मी विषय काढला आणि चंपाच बोलू लागली. नवरा रात्रंदिवस बस स्टँडभोवती फेऱ्या मारायचा, पोलिसाने दोनदा हटकलं, शेजारी म्हणाले बाहेरची बाधा आहे. तिने नारळ उतरवला, ताईत बांधला. शेवटी हिशेब करून पाहिला की हे कधीपासून, आणि गोळ्या गटारात ओतल्या. तुमच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा ती भीत भीत म्हणाली, आम्हाला नको, घरी अडचण आहे. मोठ्या डॉक्टरांच्या गोळीला नाव ठेवलं तर पुढची केमो देणार नाहीत, असं तिला वाटलं.

ही तुझी वैयक्तिक कारणं.

जुलैच्या हजार लोकांच्या संमतीपत्रात पायांबद्दल काय लिहिणार आहेस, ते मला कळव.

वसुमती


हेब्बाळ
२९ मार्च २०२५

अक्का,

तू शिवाजीनगरला जायला नको होतंस. ट्रायलमध्ये असलेल्या माणसाला त्याचे नातेवाईक, शेजारी, कोणीही या विषयावर गाठून प्रश्न विचारणं योग्य नाही. त्यांची ओळख गुप्त ठेवायची माझ्यावर जबाबदारी आहे. उद्या रुग्णालयाने विचारलं की तुमच्या बहिणीला हे कसं कळलं, तर मी काय उत्तर देऊ?

तू मला पत्रातून खुनी म्हणते आहेस. शब्द वापरला नाहीस, पण म्हणते आहेस. अप्पा गेले तेव्हा तू माझी फी भरलीस, तुझ्या घरी राहून मी एम.बी.बी.एस. झालो, हे मी विसरलेलो नाही. त्याचा अर्थ माझं वीस वर्षांचं काम तू एका तक्त्यावरून फेकून द्यावंस असा होत नाही. तो निबंध तीन परक्या तज्ज्ञांनी तपासला आहे. सव्वीस आणि सात हा फरक त्यांनाही दिसला होता, त्यांनी प्रश्न विचारला, आम्ही उत्तर दिलं, त्यांना ते पटलं.

संमतीपत्राची भाषा कंपनीचे वकील ठरवतात, मी नाही.

या विषयावर मी आणखी लिहू इच्छित नाही. सरी, ठीक आहे, तुला राग धरायचाच असेल तर धर.

गुरुराज


बनशंकरी
२ एप्रिल २०२५

गुरू,

त्यांनी प्रश्न विचारला आणि तुम्ही उत्तर दिलं. काय उत्तर दिलं? सव्वीस घरांत जाऊन विचारलं होतं का? की टेबलाशी बसूनच?

फीचा विषय तू काढलास, मी काढला नव्हता. आता काढलासच तर सांगते. तुला शिकवलं ते यांनीही. नवीन लग्न झालेलं, दोन खोल्यांचं घर, त्यातली एक यांनी तुला अभ्यासाला दिली आणि स्वतः बाहेरच्या जागेत झोपले. त्याचा मोबदला म्हणून नव्हे, पण त्या माणसाच्या पायांकडे एकदा डोळे उघडून पाहायला हवं होतंस.

तुझ्या रुग्णालयात एथिक्स कमिटी आहे ना, ट्रायलवर नजर ठेवणारी? तिला मी पत्र लिहिलं आहे. माझ्या नावाने, यांच्या नावाने. चंपाला मी त्यात ओढलेलं नाही, पण तिने स्वतःच वेगळं लिहून दिलं, आणि विठोजींनी सही केली. जुलैच्या आत उत्तर मागितलं आहे. तू उत्तर दिलंस तर ठीक, नाहीतर ते देतील, नाहीतर मी आणखी वर जाईन. माझ्याकडे वेळच वेळ आहे. घरात कोणाला जेवायला वाढायचं नाही.

वसुमती


हेब्बाळ
१४ जून २०२५

ती. अक्कास,

अडीच महिने लिहिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने, मग कामाने.

तुझं पत्र कमिटीकडे पोचलं त्या दिवशी मला बोलावणं आलं. मी उत्तर तयार केलं. चांगलं तीन पानी उत्तर होतं. त्यात तुझ्या मनःस्थितीबद्दल एक परिच्छेद होता. ते उत्तर क्षमाला टाइप करायला दिलं. ती टाइप न करताच केबिनमध्ये परत आली आणि उभी राहिली. म्हणाली, “सर, तुमच्या भावोजींच्या पायांचं मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. औषधाचा त्रास म्हणून नोंदवायचं तर डॉक्टरांनी तपासावं लागतं, म्हणून मी विचारलं, दुसऱ्या डॉक्टरांना पाठवू का. तुम्ही म्हणालात, घरचाच माणूस आहे, मी बघतो.”

मला ते आठवत नव्हतं. तिला शब्दन् शब्द आठवत होता. मी बघायला आलो नाही. डॉक्टरने तपासलं नाही म्हणून त्रासाची नोंद झाली नाही, आणि नोंद झाली नाही म्हणून भावोजी वैयक्तिकमध्ये गेले. बाकीच्या पंचवीस जणांचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, सगळ्यांचं असंच नाही, पण बऱ्याच जणांचं. फोन करायचा, माणूस म्हणतो नको आता, की ती नोंद करून पुढे. खाली सही माझी.

ते तीन पानी उत्तर मी दिलं नाही.

कमिटीला मीच सांगितलं की त्या तेहतीस लोकांना, म्हणजे दोन्हीकडच्या, पुन्हा विचारा. मला त्यात हात घालू दिला नाही, ते योग्यच. आमच्या ट्रायलशी संबंध नसलेले दोन डॉक्टर आता एकेकाच्या घरी फोन करताहेत, जे गेले त्यांच्या माणसांशी बोलताहेत. तुलाही फोन येईल. त्यांच्यावर ओरडू नकोस, ती चांगली माणसं आहेत.

कंपनीला कळवलं. त्यांचं म्हणणं, नवीन ट्रायल ठरल्याप्रमाणे सुरू करा, या गोष्टी मागाहून जोडू. मी म्हणालो, पायांची ओळ संमतीपत्रात आल्याशिवाय मी सही करणार नाही. फोनवरचा माणूस अतिशय सभ्य होता. दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं की मोठ्या ट्रायलचे प्रमुख आता दुसरे कोणीतरी. मला मोकळं केलं आहे. निबंधावर ज्यांची नावं आहेत त्यांतले दोघे माझ्याशी बोलत नाहीत. एकाने विचारलं, बहिणीच्या भांडणापायी आमचं नाव का घालवतोस?

सत्कार मी नको म्हणून कळवला. कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं. मंडळाचे लोक गोंधळले, मग म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

अक्का, मला हे म्हणायचं आहे आणि तू चिडणार आहेस. औषध खोटं नाही. उलटी ते थांबवतं. खोटं होतं ते माझं वाक्य.

गुरुराज


बनशंकरी
२२ जून २०२५

गुरू,

चिडले. वाक्य खोटं होतं म्हणतोस, जसं काही ते आपोआप कागदावर येऊन बसलं. ते तू लिहिलंस. पुढच्या वेळी तसं लिही.

त्या दोन डॉक्टरांपैकी एकीचा फोन आला. मी ओरडले नाही. तिने विचारलं, पाय कधीपासून, बसता यायचं का, झोप यायची का, कोणाला सांगितलं होतं का. तासभर ऐकत होती. शेवटी मलाच रडू आलं आणि त्याचाही राग आला, की म्हणजे हे सगळं विचारता येतं. इतकं सोपं असतं.

आता एक गोष्ट तुला विचारते, आणि इथे मला डॉक्टर हवा आहे, भाऊ नको. केमोच्या ज्या फेऱ्या चुकल्या, त्या झाल्या असत्या तर हे वाचले असते का?

मला सांत्वन करणारं उत्तर नको. खरं नसेल ते लिहू नकोस. मी रात्री या प्रश्नापाशी येऊन थांबते आणि तिथून पुढे जाता येत नाही.

वसुमती


हेब्बाळ
२९ जून २०२५

ती. अक्का,

वाचले नसते. त्यांचा रोग सापडला तेव्हाच पुढे गेलेला होता.

आयुष्य वाढलं असतं का, याचं उत्तर आहे तसं देतो. बहुधा वाढलं असतं. कदाचित चार महिने, कदाचित वर्षाच्या आसपास, कदाचित काहीच नाही. अशा शंभर माणसांचं मी सांगू शकतो. भावोजींचं सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. पण ते महिने त्यांच्या हक्काचे होते, आणि शेवटचे जे काही महिने मिळाले, त्यातलेही काही त्यांचे चालण्यात गेले. ते मात्र नक्की सांगता येतं. ते मीच घालवले.

यापेक्षा खरं माझ्याकडे नाही.

गुरुराज


हेब्बाळ
८ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न.

जर्नलमध्ये दुरुस्ती छापून आली. सोबत प्रत पाठवतो आहे. कंपनीला ती चार ओळींत हवी होती, “काही रोग्यांना किंचित अस्वस्थता” असं म्हणून. मी अडून बसलो. म्हटलं, एवढंच छापणार असाल तर सगळा निबंध मागे घेतो, आणि का घेतला तेही जाहीर लिहितो. तिथे महिनाभर अडलं.

आता त्यात आहे ते असं. खरी गोळी घेणाऱ्या सव्वीस जणांपैकी एकोणीस जण पाय आवरत नाहीत म्हणून सोडून गेले होते. त्यांपैकी आठ जणांच्या केमोच्या फेऱ्या त्यामुळे चुकल्या. संशोधकांनी रोग्यांना न तपासता हे वैयक्तिक कारण म्हणून नोंदवलं होतं. औषध चांगलं सोसतं हे वाक्य मागे घेतलं आहे. उदासीवर गुण येतो, हेही मागे घेतलं, कारण नीट मोजल्यावर फरक उरला नाही. उलटीचं तेवढं टिकलं. खाली माझं एकट्याचं नाव आहे, बाकीच्यांनी सही दिली नाही.

नवीन ट्रायल कमिटीने थांबवली होती, ती आता पुन्हा सुरू होईल, कमी डोसवर, माझ्याशिवाय. संमतीपत्रात ओळ आली आहे. कन्नड, तमिळ, मराठी, सगळ्यांत. “या गोळीने तुम्हाला बसवत नाही असं होऊ शकतं. तसं झालं तर तो तुमचा घाबरटपणा नव्हे. त्याच दिवशी कळवा. डॉक्टर स्वतः येऊन पाहतील आणि गोळी थांबवतील.” मराठीचा मसुदा क्षमाने मला तपासायला पाठवला होता. “स्वतः येऊन” हे दोन शब्द मी घातले. वकिलांनी ते कसे राहू दिले कोण जाणे.

रुग्णालयाने मला दोन वर्षं नवीन ट्रायल घ्यायला मनाई केली आहे. ओपीडी करतो. रोज साठ रोगी.

तुझ्याकडे यावं असं वाटतं. तू ये म्हणेपर्यंत येणार नाही.

गुरुराज


बनशंकरी
५ ऑक्टोबर २०२५

गुरू,

प्रत मिळाली. नीट वाचली. पहिल्यांदाच तू जे घडलं ते लिहिलं आहेस. राग गेला का म्हणशील तर गेलेला नाही. सकाळी उठते तेव्हा तो माझ्या आधी उठलेला असतो. आता तो सगळा तुझ्यावरच नाही, एवढाच फरक. त्या सभ्य माणसावर आहे, त्या तीन तज्ज्ञांवर आहे, तुझ्याशी न बोलणाऱ्या दोघांवर आहे. एकोणीस माणसं सापडायला एवढंच लागत होतं, फोन आणि त्यापाशी बसून ऐकणारं कोणी, यावर तर सगळ्यांत जास्त आहे.

यायचं असेल तर ये. पण गोड बोलायला येऊ नकोस. मला विचारायचं खूप आहे, त्याची उत्तरं द्यायला ये.

काल ती दुरुस्ती घेऊन शिवाजीनगरला गेले होते. त्यांच्याबद्दल छापून आलं आहे तर त्यांना कळायला हवं, असं वाटलं. चंपाने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. विठोजी मशीनपाशीच बसून होते. आता फार थकलेत, पुन्हा केमो चालू आहे. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. एकोणीस जणांचं वाक्य आलं तेव्हा चंपा म्हणाली, म्हणजे बाधा नव्हतीच. तिला ते बहुधा अजूनपर्यंत पक्कं माहीत नव्हतं. मग ती मोठ्याने चिडली. शेजाऱ्यांवर, ताईत बांधणाऱ्यावर, तुमच्या ऑफिसवर, तुझ्यावर. तिचं सगळं मी ऐकून घेतलं. तुझी बहीण म्हणून ऐकून घ्यावंच लागलं.

विठोजी हातातलं कव्हर उलटून टीप घालत राहिले. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. मग त्यांनी विचारलं, हे सगळं छापून यायला किती दिवस लागले. मी म्हटलं, गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून धरलं तर दोन वर्षांच्या वर. किती डॉक्टर होते त्यात? मी म्हटलं, बरेच.

त्यांनी मशीन थांबवलं. रागाने नाही बोलले, गुरू. रागाने बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

म्हणाले, “एवढंच हवं होतं तर मला विचारायचं. मी घरीच होतो.”

हेसुद्धा घरीच होते.

वसुमती